उलथन्याचा उजवा कोपरा

१

भांडं घ्यायचं तर आधी उचलून बघावं. रंगरूप मागाहून. मिस्त्री दुकानात शिरले की पातेलं हातात घेत, तळ वर करून बोटाच्या पेराने ठोकत आणि कान देत. पातळ तळ बराच वेळ किणकिणत राहतो. जाड तळ एकदाच बोलतो आणि गप्प बसतो. मिस्त्रींना गप्प बसणारी भांडी आवडत.

"मिस्त्री, भांडी निवडताय की जावई?" भांडेवाला म्हणाला.

"जावई नाही पटला तर परत धाडता येतो. तुझं भांडं तू परत घेत नाहीस."

बेबी हसली. त्यांची एकुलती एक मुलगी. पंचविशी उलटली तरी घरात आणि शेजारात तिचं नाव बेबीच राहिलं होतं. आई गेल्यापासून ती आज पहिल्यांदा हसली असेल. तिच्या हातात लाल रंगाचं, न चिकटणारं एक पॅन होतं.

"बाबा, हे घेऊ या? हलकं आहे. धुवायलाही सोपं."

"वर्षभरात त्याची कातडी निघेल. ती कुठे जाते माहीत आहे? पोटात. ठेव."

तिने ठेवलं.

मिस्त्रींनी बिडाची जड कढई घेतली. स्टीलची पातेली घेतली, त्यांचे कान डाग देऊन चिकटवलेले नव्हते, रिबिटांनी ठोकलेले होते. झाकणं तोंडावर फिरवून बघितली. उलथनं निवडायला सगळ्यात जास्त वेळ लावला. एका अखंड पट्टीचं, जाड पात्याचं, धार फुटपट्टीसारखी सरळ. पातं डोळ्यासमोर आडवं धरून त्यांनी एक डोळा मिटला.

"हे तुमच्या नातवंडांना पुरेल," भांडेवाला म्हणाला.

"पुरलंच पाहिजे. भांडं माणसापेक्षा जास्त टिकलं पाहिजे."

हे वाक्य ते जन्मभर बोलत आले होते. भांड्यांच्याच कारखान्यात त्यांची हयात गेली. पत्र्याची चकती प्रेसखाली ठेवायची, पाय दाबायचा, पातेलं बाहेर काढायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या प्रेसने त्यांच्या डाव्या हाताची चारही बोटं नेली होती. अंगठा राहिला. मिस्त्री जन्माचे डावखुरे. नवीन बायकोने त्यांना उजव्या हाताने जेवायला, लिहायला, दाढी करायला शिकवलं. मागे उभी राहायची, त्यांच्या हातावर आपला हात ठेवायची आणि करंगळीच्या बुडाशी अंगठा दाबून म्हणायची, "हं, असं." तिची ती खोड होती. कुणाचाही हात धरला की अंगठा करंगळीच्या बुडाशी.

ती वर्षभर झिजत झिजत गेली. रोगाला नाव मिळालं नाही. जेवायला बसवलं की म्हणायची, पोट भरलंय. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. शेवटी मिस्त्रींनी आपल्या अकलेने शोध लावला. घरातल्या जुन्या पितळेची कल्हई कधीच उडाली होती. पितळ अन्नात उतरलं. विष भांड्यांत होतं. पण हे सुचेपर्यंत ती गेली होती.

म्हणून त्यांनी घरातलं झाडून सगळं भांडं मोडीत घातलं आणि नवा संसार उभा केला. आता घरात बेबी होती. तिला काही होता कामा नये. मिस्त्रींचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

२

बायको होती तोवर मिस्त्रींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आता ते सकाळी उठून भात लावत, बटाटे परतत, अंडी करत. बेबीला शिवणाचं काम होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन ठेवून ती दिवसभर शर्टांच्या कॉलर शिवायची. तिने स्वयंपाकाला हात लावलेला मिस्त्रींना खपत नसे.

"मी काय लहान आहे?"

"तू तुझं मशीन बघ. मी माझं बघतो."

तिच्या वाट्याचं झाकून ठेवून ते कारखान्यात जात. प्रेसवरून त्यांना कधीच काढलं होतं. आता तपासनीस होते. तयार माल हातात घ्यायचा, फिरवायचा, दोष असेल तर बाजूला टाकायचा. संध्याकाळी घरी आल्यावरही हात थांबत नसत. धुतलेली भांडी पुसता पुसता ते त्यांची तपासणी करत. कढईला तेलाचा हात देत. सगळं पालथं घालत आणि उलथनं खिळ्याला अडकवत.

एका संध्याकाळी ते उलथनं अडकवताना त्यांचा अंगठा धारेवरून फिरला आणि थांबला.

पात्याचा उजवा कोपरा गेला होता.

तुटला नव्हता. झिजला होता. काटकोन होता तिथे गोलाई आली होती आणि धार उजवीकडे उतरती झाली होती. झिजलेली कड चकचकीत होती. रोज लागणारं लोखंड असं चकाकतं.

मिस्त्री दिव्याखाली जाऊन उभे राहिले. असं पातं झिजायला वर्षं लागतात. हे तर कालपरवा आणलेलं. बरं, स्टील हलकं निघालं म्हणावं तर झीज डाव्या कोपऱ्याला हवी होती. उजव्या हाताने खरवडणाऱ्या माणसाचं उलथनं डाव्या कोपऱ्यात झिजतं. भांडीवाल्याच्या घरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. उजवा कोपरा झिजवतो तो डावखुरा.

घरात दोन माणसं. बेबी उजव्या हाताची. आणि मिस्त्रींच्या डाव्या हाताला धरायला बोटं नव्हती.

३

"कढई खरवडत बसतेस का गं दिवसा?"

"मी? मशीनवरून उठायला वेळ आहे का मला?"

"मग हे काय?"

तिने उलथनं बघितलं. तिला काही दिसलं नाही. "बाबा, तुम्ही घरात पण माल नापास करायला लागलात."

मिस्त्री ते उलथनं घेऊन भांडेवाल्याकडे गेले. भांडेवाल्याने ते हातात फिरवलं आणि त्यांच्याकडे गमतीने बघितलं.

"मिस्त्री, थट्टा करताय? हे जुनं कुणाचं तरी आणलंत. माझं नाही हे."

"तुझंच आहे. दांड्यावर तुझ्या मालाचा शिक्का आहे."

त्याने शिक्का बघितला. हसू ओसरलं. "खानावळीत दिलं होतंत का वापरायला?"

मिस्त्रींनी ते परत पिशवीत टाकलं. त्यांनी आणखी जाड पात्याचं दुसरं उलथनं घेतलं. दुकानातलं सगळ्यात जड. वस्तू कमी टिकली तर तिच्याहून मजबूत आणायची, एवढंच त्यांना आयुष्यात ठाऊक होतं.

त्याच सुमारास त्यांची गेलेली बोटं भाजू लागली.

हे नवीन नव्हतं. तुटलेला अवयव कधी खाजतो, कधी दुखतो. सुरुवातीला त्यांना लहानपणी दारात चेमटून वाकडी झालेली करंगळीसुद्धा तशीच वाकडी जाणवायची. पुढे ते सगळं थांबलं होतं. आता मात्र दुपार झाली की कारखान्यात बसल्याजागी तो नसलेला हात गरम व्हायचा. चुलीजवळ धरल्यासारखा. आणि त्याची मूठ वळायची.

कारखान्याच्या डॉक्टरने थोट्या हातावर टकटक केलं. "शिरांचा खेळ असतो हा, मिस्त्री. मेंदूला वाटतं बोटं आहेत. असं झालं की डोळे मिटा आणि मनातल्या मनात मूठ उघडा. सावकाश, एकेक बोट. बरं वाटेल."

"नसलेली मूठ उघडू?"

"नसलेली दुखते, तर नसलेलीच उघडायला हवी ना?"

मिस्त्रींना डॉक्टर पोरकट वाटला. पण दुसऱ्या दुपारी आग असह्य झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि ती मूठ उघडली. करंगळी हटून बसली होती. ती शेवटी सुटली. आग विझली. हातातून काहीतरी जड गळून पडल्यासारखं वाटलं.

४

बेबी वाळायला लागली होती.

हे मिस्त्रींना कळायला उशीर झाला, कारण ती हसतमुख होती. आधी बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली. मग गळ्याची हाडं वर आली. मशीनचं चाक फिरवताना तिला धाप लागे.

"जेवलीस?"

"जेवले की. पोट अगदी भरलंय."

हे शब्द कानावर पडले तेव्हा मिस्त्री दाराला टेकले. त्यांनी झाकण उचललं. सकाळी ठेवलेला भात तसाच होता. बटाट्यांवर साय धरल्यासारखा तेलाचा थर जमला होता.

"हे काय मग? हे तर इथेच आहे."

बेबीने पातेल्यात बघितलं. खरंच गोंधळली. मग ओठांच्या कडा बोटाने पुसल्या, नुकतं जेवल्यावर पुसतो तशा. "पण भूक नाहीये, बाबा. खोटं कशाला बोलू?"

ते तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. एकाकडे, मग मोठ्या इस्पितळात. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. रोगाला नाव मिळालं नाही. हे सगळं त्यांना पाठ होतं. डॉक्टर पुढचं वाक्य काय बोलेल तेही.

पण या खेपेला भांडी नवीन होती. पितळ नव्हतं, कल्हई नव्हती. मिस्त्री रात्री अंथरुणावर बसून एकेक भांडं मनात फिरवत आणि दोष शोधत. एकाही भांड्यात दोष नव्हता.

जिन्यात वरच्या मजल्यावरची मावशी भेटली. तोंडाने फटकळ, मनाने चांगली बाई.

"मिस्त्री, पोरीला खायला घालता की नाही? काडी झालीय."

"घालतो."

"घालता म्हणता, आणि दुपारभर खरवडत तर असता. माझी झोपमोड होते हो. खर्र खर्र, खर्र खर्र. एवढं काय चिकटतं तुमच्या कढईला?"

"दुपारी मी कारखान्यात असतो."

मावशीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "असेल बाई. मग कोण खोकतं तुमच्यासारखं?"

नवं उलथनं मिस्त्रींनी त्या दिवशी बघायचं टाळलं. झोपताना मात्र राहवलं नाही. त्यांनी खिळ्यावरून ते काढलं आणि अंधारातच अंगठा फिरवला. डावा कोपरा टोचला. उजवा टोचला नाही.

५

भंगारवाल्याच्या आवारात लोखंडाचा ढीग होता. पितळ विकलं गेलं होतं. पितळ टिकत नाही, लगेच गिऱ्हाईक मिळतं. लोखंड पडून राहतं.

"काय शोधताय, मिस्त्री? घातलेलं परत न्यायचंय होय?"

"एक उलथनं. तीन रिबिटांचं. मधलं रिबिट तिरकं."

"आख्ख्या घराची भांडी घातलीत आणि उलथन्यात जीव अडकलाय? बायकोचं होतं वाटतं." भंगारवाला आपण होऊन ढीग उपसायला लागला.

ते तळाशी सापडलं. बोटं गेल्यानंतर उजव्या हाताने केलेली मिस्त्रींची ती पहिली वस्तू. कारखान्यातल्या जाड पत्र्याच्या तुकड्याचं पातं, वर लोखंडी दांडा. पहिलं रिबिट नीट बसलं, दुसऱ्याला हातोडा घसरला. बायकोने ते तिरकं रिबिट बोटाने चाचपलं होतं आणि म्हणाली होती, हे मी जन्मभर वापरीन. वापरलंही.

मिस्त्रींनी खरखरीत दगडावर घासून गंज काढला.

डावा कोपरा झिजलेला होता. तो तिचा. इतक्या वर्षांच्या स्वयंपाकाची ती गोलाई त्यांनी अंगठ्याने चाचपली, आणि अंगठा पुढे न्यायचं धाडस त्यांना होईना.

उजवा कोपरा नव्हताच. तिथलं पातं पार दांड्याच्या दिशेने खाल्लं गेलं होतं. पत्रा कागदासारखा पातळ झाला होता.

"दोन हातांनी वापरलंय कुणीतरी," भंगारवाला सहज म्हणाला. "हा डावखुरा गडी जोरात होता बघा."

मिस्त्री उन्हात उभे राहिले. शेवटच्या वर्षात ती पडून असायची. त्या वर्षी तिने उलथनं हातात धरलं नव्हतं. दुपारी घरात ती एकटी असायची, बेबी तेव्हा शिवणाच्या दुकानात जायची. आणि संध्याकाळी बेबीने वाढलेलं ताट घेऊन ते गेले की ती त्यांच्याकडे थकून बघायची आणि म्हणायची, "अहो, किती वेळा वाढाल?" त्यांना वाटायचं, तापात बरळते आहे.

भांड्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी चांगली भांडी मोडीत घातली होती.

६

ते उलथनं घेऊन घरी आल्यावर मिस्त्री बेबीच्या शेजारी स्टुलावर बसले. ती कॉलर उलटी करून टोक बाहेर काढत होती. सुई धरायला बोटांत जोर नव्हता.

"बेबी, दुपारी तुला कोण वाढतं?"

ती हसली. "काय बाबा!"

"मी विचारतोय ते सांग."

"तुम्हीच की."

मशीनवरचा दिवा बारीक आवाज करत होता. मिस्त्रींनी तो बंद केला. का केला ते त्यांनाही कळलं नाही.

"मी कारखान्यात असतो, पोरी."

"असता. मग दुपारी येऊन गरम करून वाढता. मी म्हणते कशाला एवढी उन्हाची पायपीट, तर तुम्ही बोलत नाही. तुम्ही दुपारी बोलतच नाही." तिने दोरा दाताने तोडायचा प्रयत्न केला. तुटला नाही. "मी मुद्दाम काही विचारत नाही. आई गेल्यापासून तुम्ही असेच झालात."

"काय वाढतो मी?"

तिच्या कपाळाला आठी पडली. बराच विचार केला. "गरम असतं," ती म्हणाली.

"आणि?"

"छान असतं. परवा तर तुमच्या हातून उलथनंच पडलं. केवढ्याने वाजलं! मी म्हटलं, भाजलं का?"

परवा. डॉक्टरने सांगितलेल्या रीतीने मिस्त्रींनी पुन्हा एकदा ती मूठ उघडली होती. परवा दुपारीच.

त्यांनी थोटा हात मांडीखाली सरकवला. बेबीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दोऱ्याचं टोक ओलं करत होती.

"एक विचारू, बाबा? रागावणार नाही ना? तुम्ही दुपारी डाव्या हाताने का वाढता?"

७

त्यांनी तिला धाकट्या बहिणीकडे पोचवलं. दुसरं घर, दुसरी चूल, दुसरी भांडी. भरलेलं घर होतं. बहीण तोंडाळ, पण भाचीवर जीव टाकणारी. "दादा, महिनाभर दे माझ्याकडे. फुगा करून पाठवते," असं म्हणाली होती.

आठवडा झाला नाही तोच तिचा फोन आला. आवाज रडका होता आणि रागाचाही.

"दादा, एवढा काय रे माझ्यावर अविश्वास! दुपारी आम्ही जरा पडलो की तू गुपचूप येतोस, पोरीला वाढतोस आणि चहासुद्धा न घेता जातोस. जावेने पाठमोरं बघितलं तुला. आणि माझ्या नव्या उलथन्याची काय दशा केलीस ती?"

मिस्त्रींनी फोन ठेवला. कुणापुढे खुलासा करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी जाऊन बेबीला परत आणलं. जिना चढताना तिला उचलून घ्यावं लागलं. कॉलरींचं गाठोडं उचलावं इतकी ती हलकी लागली.

मग ते एका दुपारी कारखान्यातून लवकर निघाले. निघताना डावा हात निवांत होता. गल्लीच्या तोंडाशी आले तसा तो उबदार झाला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मूठ वळली.

मिस्त्री स्वतःशी विचार करत वर चढले. माणूस झोपेत चालतो म्हणतात. जागेपणीही चालत असेल. आपणच येत असू, वाढत असू, विसरत असू. असं असेल तर बरं. वेड लागलं तर कोंडून घेता येतं.

दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. खर्र, खर्र. सावकाश, बारकाईने, एक दाणाही वाया जाऊ नये अशा हिशेबाने. त्यांना तो हात पटला. चांगला हात होता.

त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बेबी भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात ताट. ती घास उचलत होती, चावत होती, गिळत होती. ताट कोरडं होतं. धुऊन पुसून ठेवतात तसं. ती मान वर करून आतल्या कुणाकडे तरी बघत होती. बापाकडे बघतानाचा तिचा एक खास चेहरा होता, तो तिने केला होता.

"बास ना, बाबा," ती म्हणाली.

चौकटीच्या आडून एक हात आला. उलथन्याने ताटात काहीतरी सारलं. हात मनगटापर्यंतच दिसला. मिस्त्रींना मनगटाच्या मागे बघायचंही नव्हतं. डावा हात होता. चारही बोटं होती. तरुण बोटं, नखांत पत्र्याची काळी धूळ. करंगळी पेरापाशी वाकडी.

कित्येक वर्षांनी त्यांनी ती करंगळी पाहिली. त्या क्षणी त्यांना भीती वाटली नाही. माझी, असं वाटलं.

मग त्यांचा खांदा दाराला लागला आणि दार वाजलं.

आत गेले तेव्हा कुणी नव्हतं. कढई तापलेली होती. तिच्यात काही नव्हतं. बेबीने त्यांच्या पायांकडे बघितलं.

"आत्ता तर आत होतात," ती म्हणाली. "चपला कधी घातल्यात?"

८

मिस्त्रींनी स्वयंपाकघर रिकामं केलं. कढई, पातेली, झारा, पळी, दोन्ही उलथनी, झाकणं, सगळं स्वतः नेऊन भंगारात टाकलं. तिरक्या रिबिटाचं तेवढं तोडायला भंगारवाल्याकडून मोठी छिन्नी मागितली आणि त्याचे तुकडे केले. शेगडी मावशीच्या घरी दिली. भिंतीतले खिळेसुद्धा उपटले. फळ्यांवर भांड्यांच्या बुडांचे गोल तेवढे उरले.

"अहो, आता खाणार काय?" मावशीने विचारलं. टोमणा मारायचं तिला सुचलं नव्हतं.

"तुम्ही दोन घास पेज करून द्या. एक वाटी, एक चमचा. बाकी काही नको."

दुपारी त्यांनी बेबीची खाट भिंतीशी ओढली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून तिच्यापुढे बसले. तिचे डोळे खोल गेले होते. पेजेची वाफ तिच्या चेहऱ्यावर जात होती.

"तोंड उघड."

"पोट भरलंय, बाबा."

"एकच घास. माझ्यासाठी."

हात तापू लागला. त्यांच्या पाठीमागे, रिकाम्या खोलीत, लोखंडावर लोखंड घासलं. खर्र.

तिथे कढई नव्हती. शेगडी नव्हती. मिस्त्रींनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी वाटी खाटेवर टेकवली, डोळे मिटले आणि थोट्या हाताशी कुस्ती मांडली. तर्जनी सुटली. मधलं बोट सुटलं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला विनवणी केली नव्हती. "सोड," ते म्हणाले. "पाया पडतो. लेकरू आहे माझं. सोड."

करंगळी सुटली.

आत काहीतरी दणकन फरशीवर पडलं आणि गप्प झालं. जाड, चांगल्या मालाचा आवाज. एकदाच बोलला.

घर शांत झालं. वरच्या मजल्यावर मावशीने पाट सरकवला तेवढं ऐकू आलं. बेबीने पापण्या हलवल्या. ती झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघू लागली, मग वाटीकडे बघितलं. नाकपुड्या फुलल्या.

"बाबा," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

मिस्त्रींनी घाईने चमचा उचलला, तो वाटीवर वाजला. त्यांनी तो भरला. तिने घास घेतला. गिळला. गळ्यातून खाली उतरताना त्यांना दिसला.

"अजून."

"आहे ना. अजून आहे. सगळं तुझंच आहे." त्यांनी दुसरा चमचा भरला आणि फुंकर घातली. ती मूठ त्यांनी मनात उघडी धरून ठेवली होती, तळहात वर, बोटं ताठ. असंच धरून बसायचं. आज, उद्या, जन्मभर. हे जमण्यासारखं होतं.

तेव्हा त्या उघड्या, नसलेल्या तळहातावर कुणीतरी दांडा ठेवला.

हळूच ठेवला. मग पाठीमागून एक हात येऊन त्या हातावर बसला आणि त्याने बोटं एकेक करून मिटवली. गार हात होता, आणि त्याला घाई नव्हती. मिस्त्रींनी सगळा जोर लावला. बोटं हलली नाहीत. त्या हाताचा अंगठा चाचपत पुढे आला आणि करंगळीच्या बुडाशी दाबून बसला.

आत खरवड सुरू झाली.

चमचा बेबीच्या ओठांशी होता. तिने तो प्रेमाने बाजूला सारला, ओठांच्या कडा पुसल्या आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, स्वयंपाकघराकडे बघून हसली.